‘या परत’ म्हणायचं नाही

गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या तोंडात एखादा शब्द कायमचा मुक्कामाला येतो. कुणाच्या तोंडात ‘बोला शेठ’, कुणाच्या तोंडात ‘सुट्टे द्या’. माझ्या तोंडात ‘या परत’ आहे. एस.टी. स्टँडाच्या भिंतीला लागून माझी भेळीची आणि वड्यांची टपरी होती, तेव्हापासूनचा. गिऱ्हाईक हात पुसून निघालं की मी कढईवरची नजर न काढता म्हणायचो, ‘या परत.’ भांडून गेलेल्यालाही म्हणायचो. एकदा टपरीवर अतिक्रमणाची नोटीस चिकटवून निघालेल्या शिपायालाही म्हणालो, आणि तो खरंच परत आला. जेसीबी घेऊन.

तिथूनच हे सगळं सुरू झालं.

मी मूळचा तिसगावकडचा. आई-वडील ऊसतोडीला इकडच्या कारखान्यावर यायचे. एका हंगामाच्या शेवटी टोळी गावी निघाली आणि मी निघालो नाही. कारखान्याच्या वजनकाट्यासमोर बैलगाड्यांची रांग लागायची, गाडीवान ताटकळत बसायचे, त्यांना भजी विकून मी धंदा शिकलो. पुढे प्रवरेकाठच्या या तालुक्याच्या गावात टपरी टाकली, लग्न केलं, घर बांधलं. कुणी बोट धरून बसवलं नाही. कांद्याच्या गोणीपासून गॅसच्या शेगडीपर्यंत कुठलीही वस्तू मी पहिल्या सांगितलेल्या भावाला घेतलेली नाही. आमची मंडळी अजून चारचौघांत सांगते, की मंगलाष्टकं चालू असताना मी मंडपवाल्याशी घासाघीस करत होतो. ती खोटं बोलते. मंगलाष्टकं संपली होती.

रस्ता रुंद करायचा म्हणून टपऱ्या गेल्या. बदल्यात नदीकाठच्या सुशोभीकरणात गाळे देऊ, असं आम्हाला नगरपालिकेच्या ऑफिसात बोलावून सांगण्यात आलं. ज्या साहेबांकडे हे काम होतं त्यांनी भिंतीवरचं एक मोठं रंगीत चित्र दाखवलं. चित्रातली नदी काठोकाठ भरलेली. हिरवळ, कारंजं, होडीत बसलेलं कुटुंब, आइस्क्रीम खाणारी मुलं, आणि दगडी पायऱ्यांच्या वर ओळीनं दुकानं. आमची प्रवरा मी ओळखतो. धरणातून आवर्तन सुटलं की ती नदी असते. बाकीचं वर्ष वाळू, वेड्या बाभळी आणि जलपर्णी. पाणी कायम राहतं ते एका डोहात, म्हणून आसपासच्या गावांचे दहावे त्याच डोहापाशी होतात. कावळेही तिथंच वस्तीला. आणि चित्रातल्या पायऱ्या नेमक्या त्याच डोहात उतरत होत्या. पाणी तिथं म्हणून दहावा तिथं, आणि पाणी तिथं म्हणून आमचे गाळेही तिथं.

‘साहेब, चित्रात कावळे दिसंनात,’ मी म्हणालो.

साहेब हसले. ‘कावळे कशाला?’

‘दहाव्याचं शेड कुठंय यात?’

‘ते पुलापलीकडे जाणार. ठरलंय.’

‘कागद?’

‘अहो, शब्द देतो ना मी तुम्हाला.’

मी नुसत्या शब्दावर कोथिंबिरीची जुडी घेत नाही. त्या दिवशी गाळा घेतला. स्टँडावरच्या माझ्या जागेवर डांबर पडायला सुरुवात झाली होती, त्याचा वास त्या ऑफिसच्या खिडकीतून आत येत होता, आणि साहेब घड्याळाकडे बघत होते. हा राग माझा अजून जिरलेला नाही. जिरवायचाही नाही.

गाळ्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. पायऱ्यांना लागून असलेला कोपऱ्याचा गाळा राहात्याच्या एका तरुणाला लागला. घरच्या पेरूच्या बागा, पुण्यात शिकून आलेला, त्याला कॅफे काढायचा होता. मला मधला लागला. कोपरा म्हणजे दोन बाजूंनी गिऱ्हाईक, हे मी वजनकाट्यावर शिकलो होतो. मी त्या पोराला बाजूला घेतलं, चहा पाजला, कोपऱ्यावर ऊन कसं येतं, धूळ कशी येते, पावसाचं पाणी कसं आत घुसतं ते इतकं रंगवून सांगितलं, की त्यानं आपणहून अदलाबदल सुचवली. वर माझे आभार मानले. घरी येऊन मी हिला म्हणालो, ‘पोरगं कच्चं निघालं.’

शेड हललं नाही. आणि कोपऱ्याचा गाळा शेडच्या सगळ्यात जवळ होता.

उद्घाटनाच्या दिवशी आवर्तन सुटलं होतं, त्यामुळे नदीला पाणी होतं आणि पाहुणे खूश होते. आवर्तन संपलं तशी गर्दीही संपली. दुकानं नदीकडे तोंड करून बांधलेली. रस्त्याकडे नुसती पाठभिंत, आणि तिच्यावर ओळीनं मोर रंगवलेले. स्टँडावर लोकांना माझ्या कढईचा धूर दिसायचा, लसणाच्या चटणीचा वास यायचा, पाय आपोआप वळायचे. इथं त्यांना मोर दिसायचा. खाली यायचं तर गाडी वर लावा, भिंतीला वळसा घाला, कडेच्या पायऱ्या उतरा. गुडघे धरलेली म्हातारी माणसं वरूनच हात करायची आणि पुढं जायची. संध्याकाळी डास. खांबांवरचे दिवे लागले तर लागले. शेजारच्या खेळण्यांच्या दुकानातला माणूस दिवसभर स्वतःच फुगे फुगवायचा आणि संध्याकाळी सोडून द्यायचा.

मी जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायला लागलो. पेंडीचा एक व्यापारी होता, स्टँडावर असताना माझ्याकडे रोज सकाळी यायचा.

‘शेठ, घाटावर हाये मी आता. या की.’

त्यानं आधी दुकानातला रेडिओ बंद केला. मग अगदी हळू आवाजात, ‘कोन गेलं?’

‘कुणी गेलं न्हाई. दुकान टाकलंय.’

‘घाटावर?’

‘व्हय.’

‘बरं बरं. येईन की. येळ आली की समदेच येत्यात.’

आमच्याकडे ‘घाटावर गेल्तो’ याचा एकच अर्थ आहे. आणि साहेबांनी प्रवेशाच्या कमानीवर सोनेरी अक्षरांत तोच शब्द काढून ठेवलेला. हिच्या चुलतभावाच्या मुलाचा वाढदिवस होता, तेव्हा मी म्हणालो, जेवण माझ्याकडे ठेवा, भाव लावून देतो. त्याची बायको तोंडाला पदर लावून म्हणाली, ‘दाजी, लेकराचा वाढदिवस हाय. घाटावर नको.’ घरच्या माणसांची ही कथा, मग परक्याचं काय?

मला बसवेना. गल्ल्यावर बसलो की उठायचो, पायऱ्या चढून रस्त्यावर जायचो, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघायचो, परत खाली यायचो. कढई तापवायची की नाही, हा निर्णय दिवसातून कितीदा तरी करायचा. तेल तापवलं की गिऱ्हाईक नाही, आणि गॅस बंद केला की कुणीतरी डोकावून ‘काही गरम आहे का?’ विचारून जाणार. रात्री झोपेतही माझे पाय हलतात असं ही सांगायची.

‘तुमच्या येरझाऱ्यांनी पायऱ्या झिजतील,’ ती म्हणाली. ‘मग त्यांचंबी सुशोभीकरण काढतील.’

तिला हसता येत होतं. मला दिसत होतं, की स्टँडावरची जागा आता डांबराखाली आहे. हा गाळा गेला तर मला परत जायला कुठं ठिकाण नव्हतं. वजनकाट्यावर भजी विकायचं वय राहिलेलं नाही, आणि तिथं आता बैलगाड्यांपेक्षा ट्रॅक्टर जास्त. ट्रॅक्टरवाला भज्यांसाठी उतरत नाही.

मी सगळ्या दुकानदारांना एकत्र केलं. राहात्याच्या पोराची अवस्था माझ्याहून वाईट होती. नेत्यांची श्रद्धांजलीची भाषणं लांबली की दहावा दुपारपर्यंत चालायचा. कॉलेजची मुलं त्याच्याकडे कोल्ड कॉफी घेऊन बसलेली, आणि खालून स्पीकरवर महाराज सांगतायत, हा देह किती क्षणाचा आहे. मुलं अर्धी कॉफी टाकून उठायची.

‘काका, काहीतरी करायला पाहिजे,’ तो म्हणाला.

‘फाटक लावू,’ मी म्हणालो.

पायऱ्यांच्या खालच्या अंगाला एक लोखंडी फाटक होतं. दहाव्याच्या गाड्या त्यातून आत यायच्या, मंडप, स्पीकर, खुर्च्या सगळं त्यातूनच उतरायचं. त्या फाटकाला आपलं कुलूप लावायचं. शेड हलवल्याशिवाय काढायचं नाही. लोक बोंबलत साहेबांकडे जातील, साहेबांना शब्द पाळावा लागेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुलूप मी आणायचं ठरलं. मी ते बाजारातून भाव पाडून आणलंही, मोठं, पितळी, आणि गल्ल्यात ठेवून दिलं.

कुलूप लावायच्या आधी सोनईच्या एका घरचा दहावा आला. थंडीचे दिवस होते. वर रस्त्यावर जीपगाड्या, मोटारसायकली, पांढऱ्या टोप्या. मी बटाटे सोलत बसलो होतो, कढई अजून चढवली नव्हती. नुकतंच डोकं भादरलेला, ओल्या धोतरातला एक तरुण धापा टाकत पायऱ्या चढून आला.

‘वडा आहे का? एक. लवकर.’

‘एका वड्यासाठी कढई तापवू का? निदान प्लेट घ्या.’

‘प्लेट द्या. काय घ्यायचं ते घ्या. लवकर.’

घासाघीस न करणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. तरी तळून दिलं. ‘मिरच्या?’ विचारलं.

‘दोन. पाव नको.’

कागदात गुंडाळून दिल्याबरोबर तो खाली पळाला. थोड्या वेळानं डोहाकडून कावकाव आली, गर्दीतून ‘शिवला, शिवला’ असा आवाज उठला, आणि लोक मोकळे झाले. मोकळे झाले ते सरळ माझ्याकडे वळले. गार वारा, पहाटे घर सोडलेलं, पोटात काही नाही. गाळा घेतल्यापासून पहिल्यांदा माझी सगळी बाकं भरली. उभी राहिलेली माणसं वेगळीच. ही पोहे काढतेय, मी वडे सोडतोय, चहा उकळतोय. माझ्या अंगात स्टँड संचारलं. आवाज चढला, हात चालायला लागले, येरझाऱ्यांची आठवणही राहिली नाही.

तो तरुण गल्ल्यापाशी आला. ‘सगळ्यांचं माझ्याकडे,’ म्हणाला. मी हिशोब सांगितला, त्यानं दिलं, मी सुट्टे त्याच्या हातावर ठेवले आणि स्टँडावरच्या आवाजात म्हणालो,

‘या परत!’

बाकांवरचं बोलणं थांबलं. आत हिच्या हातातला झारा थांबला.

दहाव्याहून निघणाऱ्याला कुणी ‘या’ म्हणत नाही. निघणाराही ‘येतो’ म्हणत नाही. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण तो शब्द माझ्या डोक्यातून निघत नाही. हातातून निघतो, सुट्टे देताना.

त्या तरुणानं सुट्टे तसेच मुठीत धरून तोंड फिरवलं. त्याच्या मागून एक उंच म्हातारा उठला. गेलेल्या माणसाचा धाकटा भाऊ.

‘कुनाला परत बोलावतो रं? अजून किती न्यायची हायेत आमच्या घरची?’

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यापुढे कुणी आवाज चढवला की मला गप्प बसता येत नाही.

‘तात्या, धंद्याचा शब्द हाय तो! मी काय यमाचा एजंट हाय का?’

लोकांनी कप होते तिथं ठेवले. कुणी भांडलं नाही, हेच वाईट झालं. भांडण मला निभावता येतं. ते नुसते उठले आणि एका ओळीनं, न बोलता निघून गेले. बशीतल्या पोह्यांवर लिंबाच्या फोडी तशाच.

दुसऱ्या दिवशी कांदे घ्यायला बाजारात गेलो, तर आडत्याचा माणूस लांबूनच ओरडला, ‘काय एजंट, आज कोनाचा नंबर?’ सगळा बाजार हसला. तेव्हापासून मी एजंट. माझं हॉटेल एजंटाचं. दहाव्याला येणारी माणसं आता माझ्या गाळ्यासमोरून जाताना मान फिरवून जायची, आणि बाकीचं गाव तर आधीपासूनच येत नव्हतं. घाट म्हणून एक गिऱ्हाईक तुटलं होतं, एजंट म्हणून दुसरंही तुटलं. गाळा बंद करायची भाषा आम्ही दोघं एकमेकांसमोर काढत नव्हतो, पण हिनं नवीन मसाला कुटायचं थांबवलं होतं. मला तेवढ्यावरून कळलं.

‘सोनईला जाऊन या,’ एक दिवस ती म्हणाली.

‘मी? त्या म्हाताऱ्यानं गावभर माझं नाव केलं आणि मी जाऊ?’

‘त्येनं न्हाई केलं. एजंट तुमीच म्हनलात. लोकांनी निस्तं उचललं.’

‘मी माफी मागणार न्हाई.’

‘नका मागू. गिऱ्हाईक तोडून बसलाय, जोडून या. येवढं तरी येतंय ना?’

धंद्याच्या भाषेत सांगितलं की मला लवकर कळतं, हे तिनं लग्नाच्या मांडवातच ओळखलेलं. मी निघताना गोडीशेव बांधून घेत होतो, ती तिनं हातातून काढून घेतली. दुखवट्याच्या घरी गोडाचं नेतात का, एवढंच म्हणाली.

सोनईत घर सापडायला वेळ लागला नाही. तात्या कांद्याच्या चाळीपुढं बाजेवर बसले होते. मला बघून त्यांनी उठायचं केलं नाही, आणि हाकललंही नाही.

‘भांडान आर्धं ऱ्हायलं म्हून आलास व्हय?’

‘न्हाई.’

‘मग काय द्यायला आलास?’

मी बाजेच्या कडेला टेकलो. ‘त्या दिवशी चुकलं, असं मी म्हणतो. पण तुमी भर हॉटेलात आवाज चढवला, तेवढं मागं घ्या.’

‘आधी तू म्हन.’

‘आधी तुमी.’

‘दुखवटा माझ्या घरी हाय का तुझ्या?’

‘गिऱ्हाईक माझ्या घरचं तुटलंय.’

म्हाताऱ्यानं टोपी काढून बाजेवर ठेवली. मग ‘लई चिकट हायेस’ म्हणाला आणि आत बघून चहा टाकायला सांगितलं. माफी राहिली ती राहिलीच. आजतागायत दोघांपैकी कुणी मागितलेली नाही.

चहा आला तेव्हा ते आपणहून बोलायला लागले. ‘त्या दिशी कावळा शिवंना. पेढा ठिवला, जिलेबी ठिवली. पोरानं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन, बहिनीचं करीन. कावळा ढुंकून बघंना. लोक चुळबुळायला लागले. मग पोराला आठवलं, बाप बाजाराला गेला की काय खायाचा ते. पळत तुझ्याकडं आला.’

मी कप खाली ठेवला.

‘एक वडा, दोन मिरच्या, पाव नको,’ मी म्हणालो.

तात्यांनी मान वर केली.

मी गिऱ्हाइकाला नावानं ओळखत नाही, वड्यानं ओळखतो. दर बाजारच्या दिवशी खांद्यावर टॉवेल टाकून येणारा, बारीक अंगाचा, पाव नको म्हणणारा. आणि पाव घेत नाही तर भाव कमी कर, म्हणून दर वेळी भांडणारा. मी कधी कमी केला नाही. त्यानंही कधी मागायचं सोडलं नाही. असा माणूस मला आवडायचा. टपरी गेल्यापासून तो दिसला नव्हता, पण टपरी गेल्यापासून मलाच कुणी दिसलेलं नव्हतं.

‘घरी यून तुझी नक्कल करायचा,’ तात्या म्हणाले. ‘जेवन झालं की ताट सारायचा आन् तुझ्या आवाजात म्हनायचा, या परत. लेकरं हासायची. त्या दिशी तू म्हनलास आन् पोराला...’ पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

अशा वेळी मला राग येतो. साहेबांचा आला. स्टँड मोडलं नसतं तर तो माणूस शेवटपर्यंत माझ्याकडे आला असता. मी कधीतरी भाव कमी केलाही असता.

‘तुमी त्ये फाटक लावनार म्हनं,’ तात्या म्हणाले. ‘मग आमी जायचं कुठं? पान्याला दुसरी जागा हाय का?’

‘बघू,’ मी म्हणालो.

सौद्यात ‘बघू’ म्हणजे अर्धं कबूल. तेही कांदा विकणारे, त्यांना कळलं. मी उठलो. ‘येतो’ जिभेवर आला होता, तो चपला पायात जाईपर्यंत दातांत धरून ठेवला. न बोलता निघालो. तात्याही मागून काही बोलले नाहीत.

फाट्यापर्यंत चालताना मी विचार करत होतो. ती माणसं माझ्या गाळ्यात आली तेव्हा कमानीवरच्या अक्षरांना बघून आली नव्हती, नदीचा देखावा बघायलाही आली नव्हती. भूक लागली म्हणून आली होती. त्या काठावर न बोलावता, बारा महिने येणारी गर्दी एकच होती, आणि मी तिलाच कुलूप लावायला निघालो होतो. राहिलं बाकीचं गाव. त्याला घाट नको होता. मग त्याला घाटावर बोलवायचंच कशाला?

दुकानदारांच्या पुढच्या बैठकीला साहेबही आले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘शेड हलवायचं नाही.’

राहात्याचा पोरगा उडालाच. ‘काका! फाटकाची आयडिया तुमचीच होती ना? कुलूप तुम्हीच आणलं!’

‘कुलूप आहे अजून. भाव बदलला.’ मग मी साहेबांकडे वळलो. ‘तुम्ही दिलेला शब्द मी सोडून देतो. तुम्ही मला त्याच्या बदल्यात रस्त्याकडून दार द्या.’

‘कुठून?’

‘माझ्या पाठभिंतीतून.’

‘अहो, तिथं मोर आहे.’

‘मोराच्या पिसाऱ्यातून काढतो. मोराला धक्का लागणार नाही.’

‘एकट्याला दार दिलं तर सगळे मागतील. आणि मूळ डिझाईनला बाधा येते.’

‘सगळ्यांना द्या की. मागच्या भिंतीला दारं नाहीत हीच तर बाधा आहे.’

साहेब हसले, तेच जुनं हसू. ‘तुम्ही अर्ज करा. मी बघतो. शब्द देतो ना.’

त्या शब्दानं माझं डोकं जे सटकलं ते गवंड्याच्या दारातच थांबलं. अर्ज मी केला, त्याची पोचही घेतली. ती सांभाळून ठेवली आहे. पण दार उत्तराची वाट न बघता पाडलं. गवंडी मजुरीवरून अडून बसला होता. त्याच्याशी दीड तास घासाघीस केली, तेवढंच बरं वाटलं. पिसाऱ्याच्या मधोमध चौकट बसली, आत उतरायला दोन पायऱ्या. मोराचं डोकं आणि पाय दोन्ही शाबूत आहेत. कढई मी सरळ त्या दाराशी आणून ठेवली. पहिल्याच बाजारच्या दिवशी धूर रस्त्यावर गेला, लसणाचा वास गेला, आणि पेंडीचा तो व्यापारी गाडी थांबवून म्हणाला, ‘अरे, तू हितं हायेस व्हय? मला वाटलं घाटावर हायेस.’

‘हितंच की,’ मी म्हणालो. खोटं नव्हतं.

आता वरच्या दारानं बाजारची माणसं येतात आणि खालच्या दारानं दहाव्याची. बाकं मध्ये, सगळ्यांची एकच. वरच्या दारानं निघणाऱ्याला मी ‘या परत’ म्हणतो. खालच्या दारानं निघणाऱ्याकडे नुसतं बघून मान हलवतो. सुरुवातीला फार जड गेलं. सुट्टे देताना ही आतून खोकायची, तेव्हा जीभ आवरायची. राहात्याच्या पोराला मी म्हणालो, तूही भिंत फोड. तो परवानगीची वाट बघत राहिला आणि एक दिवस शटर ओढून पेरूच्या बागेकडे गेला. जाताना म्हणाला, ‘काका, बरं झालं कोपरा तुम्ही घेतला.’ अजून कळत नाही, त्यानं कौतुक केलं की टोमणा मारला.

तात्या परवा आले. कुणाच्या तरी दहाव्याला आले होते. खालच्या दारानं, चार माणसांबरोबर. एक वडा, दोन मिरच्या, पाव नको. आणि पाव घेत नाही तर भाव कमी कर. मी म्हणालो, होणार नाही. खाऊन झाल्यावर बरोबरची माणसं खालच्या दारानं गेली. तात्या टोपी नीट करून वरच्या दाराकडे निघाले आणि उंबऱ्यात थांबले.

‘काय एजंट, त्वांड शिवलं का?’

‘दहाव्याला आलाय तुमी.’

‘आल्तो खालनं. चाललोय वरनं. बाजारला.’

‘मग?’

‘मग म्हन की.’

बाकांवरची माणसं खायची थांबली. आत ही खोकायच्या बेतात होती.

‘आधी पावाचं सोडा,’ मी म्हणालो.

‘सोडलं. आजच्या पुरतं.’

‘या परत.’

‘जरा मोठ्यानं. कान गेल्यात.’

‘या परत!’

ते पिसाऱ्यातून बाहेर पडले आणि मागं न बघता बाजाराच्या दिशेनं गेले.

त्याच दुपारी तो जुना शिपाई आला. दुसरी नोटीस होती: भिंत पूर्ववत करून द्या. तो गोंद लावून ती मोराच्या छातीवर चिकटवत असताना मी कढईतून वडे काढत होतो. चिकटवून झाल्यावर तो आत येऊन बसला, वडा खाल्ला, चहा प्याला, रीतसर पैसे दिले. मी सुट्टे त्याच्या हातावर ठेवले. शब्द दातांपर्यंत आला. वरच्या दारानं तो बाहेर पडला, रस्ता ओलांडून गेला, आणि तो दिसेनासा होईपर्यंत मी तोंड घट्ट मिटून उभा राहिलो.